पांढऱ्यातली नीळ

"आता आणखी किती नीळ घालू? सांगा ना, किती घालू?" बिबीजाननं बादली दाणकन् मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. "अख्खी बाटली रिकामी केली. माझी बोटं बघा, निळी पडलीत."

"बोटं निळी आन् टोपी पिवळीच." सत्तारनं दोरीवरची टोपी काढून उन्हात धरली, उलटीसुलटी करून पाहिली. "एवढी वर्षं संसार केलास, एक टोपी पांढरी करता येत न्हाई तुला. आळस, दुसरं काय!"

बिबीजाननं कपाळावर हात मारून घेतला. गेले कित्येक महिने या घरात धुण्यावरून रोज एक फेरी झडत होती आणि प्रत्येक फेरीनंतर बादलीतली नीळ थोडी वाढत होती. जुम्म्याला मशिदीत कुणीतरी सत्तारच्या टोपीवरून खुसखुसलं होतं, तेही त्यानं बायकोच्याच खात्यावर मांडलं. ती टोपी डोक्यावर चढवून तो कामाला निघाला.

कासुर्डीच्या पुढं हायवेला लागून पत्र्याची शेड होती. तिथं नवनाथ ट्रकची लाकडी बॉडी बांधायचा आणि सत्तार ती रंगवायचा. नवनाथ मूळचा शिरूरकडचा, कवठे येमाईचा. लग्नानंतर बायकोच्या गावी, खुटबावला येऊन राहिला तो राहिलाच. दोघांची जोडी जमून इतकी वर्षं झाली होती की कोण कुणाकडे आधी कामाला आलं यावर दोघांचं एकमत नव्हतं. सकाळी भेट झाली की सत्तार म्हणायचा, "जय भीम," आणि नवनाथ म्हणायचा, "सलाम आलेकुम." कधीतरी चेष्टेत सुरू झालेलं, पण आता त्याशिवाय हत्याराला हात लागत नसे.

"जय भीम, नवनाथ."

"सलाम आलेकुम, सत्तारभाई." नवनाथनं मान वर केली आणि त्याचे डोळे टोपीवर थांबले. "आरं, आजबी निळी टोपी? चौदा एप्रिलला मिरवणुकीत म्होरंच उभं करतो तुला."

सत्तारनं ते हसण्यावारी नेलं. नवनाथला थट्टेची खोड होतीच. शिवाय आज सत्तार खुशीत होता. नवनाथ मेव्हण्याच्या घराचं छप्पर घालायला खुटबावलाच अडकला होता, तो आज कामावर परतला होता, आणि त्याच्या माघारी सत्तारनं एकट्यानं घरगाडी आतून रंगवून काढली होती.

घरगाडी हा सत्तारचाच शब्द. एका शाळेची जुनी मिनीबस होती ती. शिरूरच्या सत्यजीतनं ती विकत घेतली होती. तो रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला होता. आतल्या सीटा काढून तिथं झोपायचं बाक, घडीचं टेबल, छोटा ओटा आणि कपाट करायचं, आणि सुट्टी मिळाली की नवराबायकोनं हिंडायचं, असा बेत. सत्यजीतचे वडील कोंडिबाआबा यांचे ट्रक एके काळी याच शेडमध्ये सजले होते, म्हणून काम इथं आलं. नाहीतर आता शेडकडे फिरकतंय कोण? गाड्या कारखान्यातूनच बॉडी लेवून येतात आणि नावं मशीनवर कापून चिकटवली जातात. पूर्वी मात्र हायवेवर उभं राहिलं की सत्तारचे मोर, सत्तारची कमळं, सत्तारचे पोपट धावताना दिसत. प्रत्येक ट्रकच्या मागच्या फळीवर कोपऱ्यात लिहिलेलं असे : पेंटर सत्तार, कासुर्डी. बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव गाडीवर लिहायचा रिवाजच नव्हता. लाकूड नवनाथचं आणि नाव सत्तारचं, यात दोघांनाही कधी काही वावगं वाटलं नाही.

सत्यजीतची बायको मोनाली पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "चाचा, मोर नको, फूल नको, नक्षी नको, कुठं नाव नको. सगळं पांढरं. जमीन काळी, खिडक्यांच्या चौकटी काळ्या, आणि कडेनं एक बारीक काळी पट्टी. बास."

"ताई, मंग रंगाऱ्याला कशाला बोलावलंत?"

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या घरात ना चाचा, भिंत म्हणून दिसतच नाही. शोकेस, कॅलेंडरं, कुणीकुणी दिलेले फोटो, प्लास्टिकची फुलं. काही काढायचं म्हटलं की कुणीतरी दुखावतं. मला एक जागा अशी पाहिजे, जिथं काहीच नसेल."

हे मात्र सत्तारला पटलं. आणि त्याला हेही ठाऊक होतं की पांढरं काम सगळ्यांत अवघड. मोराच्या पिसाऱ्यात दहा चुका लपतात, पांढऱ्यात केस पडला तरी दिसतो. पण पांढऱ्याची किल्ली त्याच्याकडे होती. नुसता पांढरा रंग मेलेला दिसतो. त्यात निळ्या रंगाचा एक थेंब कालवला की तो जिवंत होतो. ती निळी ट्यूब रंगाच्या दुकानातली असायची, पण शेडमध्ये तिचं नाव नीळच. किती घालायची, हे माप कुठं लिहिलेलं नसतं. डोळ्याला पांढरं दिसलं की थांबायचं.

या खेपेला ते लवकर दिसेना. रंग सारखा पिवळट मारत होता. सत्तार थेंब टाकत गेला, ढवळत गेला, पुन्हा टाकत गेला. शेवटी मनासारखा शुभ्र उतरला, तेव्हा कुठं त्यानं ब्रश बुडवला.

या सगळ्याला एक कारण होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. वर्षामागं यवतला डोळ्यांचं फुकट शिबिर झालं होतं. डॉक्टरनं बॅटरी मारून सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या. घरी येऊन सत्तारनं बिबीजानला सांगितलं, "डॉक्टर म्हणाला, पोरासारखी नजर हाय." पेंटरचे डोळे अधू झाले ही बातमी हायवेवर ट्रकच्याही आधी धावते. पुढं बघू, असं म्हणत त्यानं ती गोष्ट मनातल्या कुठल्याशा कोनाड्यात ठेवून दिली आणि स्वतःही तिकडे बघायचं सोडून दिलं.

"ये, बघ," त्यानं आता नवनाथला गाडीत चढवलं. "कसं दुधासारखं झालंय!"

नवनाथ आत जाऊन उभा राहिला. त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा सत्तारच्या टोपीकडे.

"काय रं? बोल की."

"व्हय..." नवनाथ म्हणाला. "झालंय की."

तो आणखी काही बोलणार होता, पण तेवढ्यात बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. सत्यजीत आणि मोनाली आले होते.

मोनालीनं चपला बाहेर काढल्या आणि मगच ती गाडीत चढली. घरात शिरावं तशी. सत्तारला ते फार आवडलं. पण आत गेल्यावर ती नुसतीच उभी राहिली.

"चाचा," ती म्हणाली, "हे निळं का आहे?"

"निळं?" सत्तार हसला. "पांढरंफेक हाय ताई. आत ऊन न्हाई, म्हणून तसं वाटतंय."

सत्यजीतनं मागचं दार सताड उघडलं. ऊन थेट बाकापर्यंत आलं. "अहो, चक्क निळं आहे हे. सरकारी दवाखान्यासारखं."

मोनालीची ओढणी पांढरी होती. तिनं तिचं टोक भिंतीवर धरलं आणि म्हणाली, "आता बघा चाचा."

सत्तारनं पाहिलं. भिंत दुधासारखी होती आणि ओढणी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी पिवळी. ताई, तुमची ओढणीच पिवळी आहे, हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथंच अडकले. तिघेही भिंतीकडे बघत होते, ओढणीकडे कुणीच बघत नव्हतं. यवतच्या डॉक्टरची बॅटरी, दोरीवरची टोपी, बिबीजानची निळी बोटं, नवनाथची सकाळची थट्टा, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. इथून निघून कुठंतरी लपावं असं त्याला वाटलं.

आणि त्याचं तोंड आपोआप बोलून गेलं.

"डबा बदलला असंल. माल नवनाथनं आणला होता यवतहून, छपराच्या कामाला जायच्या आधी. मी काय, दिला डबा तो उघडला आन् मारला."

नवनाथ दाराशी उभा होता. त्यानं पांढराच डबा आणला होता, आणि ते तिथं दोघांना माहीत होतं. पिळून चपट्या केलेल्या निळ्या ट्यूबा बाकाच्या पायाशी पडल्या होत्या. नवनाथनं पुढं होऊन त्या पायानं हळूच बाकाखाली सारल्या.

"व्हय," तो म्हणाला. "माझ्याच हातून झालं. घाईत बघितलं न्हाई."

"अहो मिस्त्री, डब्यावर एवढं मोठं लिहिलेलं असतं. वाचायचं तरी." सत्यजीत वैतागला होता. "आबा म्हणतच होते, पेंटर खात्रीचा आहे, त्या मिस्त्रीवर तेवढं लक्ष ठेवा."

"सत्यजीत, जाऊ दे ना," मोनाली हळूच म्हणाली.

नवनाथ भिंतीवरून बोट फिरवत राहिला. कोंडिबाआबांच्या ट्रकचं एक फळकूटही त्याच्या हातून कधी वाकडं बसलं नव्हतं. मग लक्ष ठेवायचं ते त्याच्यावरच का, पेंटरवर का नाही, हे त्याला माहीत होतं आणि सत्तारलाही. जातीकडे बोट न दाखवता जातीवर बोट ठेवणारी असली वाक्यं नवनाथनं जन्मभर ऐकली होती. पण आजवर ती त्याच्यावर परक्यांनी आणली होती. आज सत्तारनं आणली.

पुन्हा करून देतो, असं सांगून दोघांना वाटेला लावलं आणि नवनाथ पॉलिश पेपर घेऊन भिंत घासायला बसला. निळा भुगा त्याच्या हातांवर, भुवयांवर बसत होता. सत्तार पायरीवर टेकला होता. आत जायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"कवापासनं हाय डोळ्यांचं?" नवनाथनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"वरीस झालं."

"मला सांगायचं."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"डबा मी कालवला असता," नवनाथ म्हणाला आणि पेपर उलटा करून पुन्हा घासू लागला.

सत्तारला वाटलं, नवनाथ रागावला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"मंग तू माझं खोटं का झाकलंस?"

"लाकूड हाताला बी कळतं, सत्तारभाई. पेंटरचं तसं न्हाई. तुझं नाव गेलं म्हंजी तू गेलास."

"आन् तुझं नाव?"

नवनाथ हसला, पण नेहमीसारखं नाही. "माझं नाव लिवलंय कुठं, जायाला?"

त्या संध्याकाळी सत्तार घरी आला तो टोपी हातात घेऊनच. बिबीजान भाकरी थापत होती. तिच्यासमोर बसून त्यानं शिबिरातली गोष्ट सांगितली, ओढणीची सांगितली. आणि नवनाथवर ढकललं तीही सांगितली.

बिबीजानचा हात पिठातच राहिला. "म्हंजी माझं धुणं चांगलं होतं?"

"व्हय."

"आन् एवढे दिवस मला आळशी म्हनत होता. जुम्म्याला लोक हसत होते, ते कुणाला?"

सत्तारनं मान खाली घातली. बायको झाली, मित्र झाला. स्वतःच्या डोळ्यांचं खापर त्यानं जवळच्या एकेका माणसावर फोडून पाहिलं होतं.

"या अल्ला," ती म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि पुढं म्हणाली, "डोळे करून घेऊ. त्याचं काय एवढं! पण नवनाथभाऊंचं काय करणार?"

सकाळी तिनं टोपी नुसत्या साबणानं धुऊन त्याच्या हातात दिली. सत्तारला ती पिवळी दिसली. त्यानं ती मुकाट्यानं घातली आणि तो चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरची गाडी पकडून गेला.

सत्यजीतचं घर मोनालीनं सांगितलं होतं तसंच होतं. भिंतीवर बोट ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत एक मोठा फोटो : हार घातलेला ट्रक, त्याच्या पुढं तरणेबांड कोंडिबाआबा, आणि ट्रकच्या कपाळावर सत्तारचा मोर. फोटोखाली सोफ्यावर खुद्द आबा टीव्ही बघत बसले होते.

"सत्तार? आरं, ये ये. किती वर्सांनी!"

सत्तार बसला नाही. मोनालीनं दिलेला पाण्याचा तांब्याही त्यानं तसाच धरून ठेवला.

"आबा, नवनाथनं पांढराच डबा आणला होता. त्यात नीळ मी कालवली. मला मोतीबिंदू हाय, पांढरं कुठलं, पिवळं कुठलं, कळत न्हाई. हे मला ठावं होतं आन् तरी मी काल पोरांसमोर त्याच्यावर ढकललं."

टीव्हीवर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. आबांनी आवाज कमी केला.

"आरं, मोतीबिंदू म्हंजी काय एवढं! माझे दोन्ही झाले. गेलं की लगेच घरी. एवढ्याचं काय लाजायचं?"

"डोळ्यांचं न्हाई लाजत, आबा. डोळे नीट हुतील. जे बोललो ते कसं नीट करायचं?" त्यानं तांब्या खाली ठेवला. "मिस्त्रीवर लक्ष ठेवा, म्हणाला होता तुम्ही. लक्ष माझ्यावर ठेवायला पाहिजे होतं."

आबांनी रिमोट या हातातून त्या हातात घेतला. सत्यजीत जमिनीकडे बघत म्हणाला, "चाचा, एवढ्यासाठी इतक्या लांब आलात? फोन करायचा."

"फोनवर तोंड दिसत न्हाई."

मोनालीनं विचारलं, "आता रंग कोण देणार?"

"नवनाथ दील. मी सांगंन, तो मारंल. तुम्हाला चालत असंल तर."

"चालेल," ती लगेच म्हणाली.

"आन् तू आता बस कर सत्तार," आबा मायेनं म्हणाले. "लई गाड्या रंगवल्यास." त्यांनी वर फोटोकडे पाहिलं. सत्तारनंही पाहिलं. मोर त्याला धूसर दिसला. आबा चांगल्या मनानंच बोलले होते, पण जिना उतरताना सत्तारला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी तो शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. नवनाथ पाठ करून डबा उघडत होता. रोजचे दोन शब्द सत्तारच्या तोंडून फुटेनात.

"सलाम आलेकुम," नवनाथच मागं न बघता म्हणाला. "मोनालीताईचा फोन आला होता. मला म्हनली, मिस्त्री, राग धरू नका."

"आन् सत्यजीत?"

"त्यो मागनं कायतरी बोलत होता. नीट ऐकू आलं न्हाई." नवनाथनं काठीनं रंग ढवळला. "कशाला गेलास एवढ्या लांब? मिटलं होतं की."

"तुझ्यापुरतं मिटलं आसंल," सत्तार म्हणाला. मग खाली बघत, एकेक शब्द सोडवल्यासारखा म्हणाला, "माझं चुकलं, नवनाथ. जय भीम."

नवनाथनं मान हलवली आणि डबा पुढं सरकवला. "निळीचं सांग आता."

"एक थेंब. नुसता पांढरा मेल्यागत दिसतो."

नवनाथनं थेंब टाकला, ढवळलं, लाकडाच्या तुकड्यावर पुसून उन्हात धरला. सत्तारला तो पिवळाच दिसला. हात ट्यूबकडे जाऊ नये म्हणून त्यानं दोन्ही हात काखेत धरले.

"बास," नवनाथ म्हणाला.

"बास तर बास."

नवनाथनं भिंती मारल्या. ब्रश कसा धरायचा, कुठून कुठं ओढायचा, कोपऱ्यात रंग कसा साचू द्यायचा नाही, ते सत्तार पायरीवरून सांगत होता. त्याचं सांगणं कधी कधी दटावण्यावर जाई, मग त्याला आठवण होई आणि तो गप्प बसे. भिंती वाळल्यावर नवनाथनं चिकटपट्ट्या लावून काळी पट्टीही मारली. गाडी आतून इतकी मोकळी दिसू लागली की बोललं तर आवाज घुमेल असं वाटावं. सत्तारला ती साजूक तुपासारखी पिवळसर दिसत होती. ती पांढरी आहे, हे त्यानं नवनाथच्या तोंडावरून ओळखलं.

"झालं," नवनाथ ब्रश धुवायला निघाला.

"थांब. काळा रंग राहिलाय ना? बारका ब्रश दे."

"आता काय मोर काढतोस का काय?"

सत्तार आत चढला. मोनालीनं बजावलं होतं की कुठंही नाव नको. त्यानं बाकाचं झाकण वर उचललं. अंथरूण ठेवायच्या त्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूकडे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, डावा तळहात फळीवर टेकवला आणि नाक जवळजवळ रंगाला लागेपर्यंत वाकून लिहू लागला. हजार वेळा गिरवलेलं 'पेंटर' त्याच्या हातातून आधी निघू पाहत होतं. त्यानं हात आवरला आणि नवीन अक्षरं काढली.

मिस्त्री नवनाथ, खुटबाव.

नवनाथ मागं येऊन उभा होता.

"सरळ आलं का?" सत्तारनं विचारलं.

"एकदम सरळ."

"खोटं बोलू नको रं आता."

नवनाथनं वाकून पुन्हा पाहिलं. "खुटबाव जरा खाली उतरलंय."

"पुसतो. परत लिहितो."

"न्हाई," नवनाथ म्हणाला. "राहू दे."

त्यानं लाकडाचा एक तुकडा शोधून आणला आणि झाकणाखाली टेकू म्हणून लावला. रंग वाळेपर्यंत ते बंद करून चालणार नव्हतं.